खोली ती खोली, पलंग तो पलंग?

कोल्हापूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती असल्याने पत्राचा आवश्यक तेवढाच भाग देत आहे.

“मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. येत्या ऑक्टोबरमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होतील. मुलगा आणि सून नेदरलँड्समध्ये नोकरीला आहेत. त्यांनी आम्हा दोघांना दहा दिवसांचा युरोपचा प्रवास भेट द्यायचे ठरवले असून, ‘आईला इतिहासाची आवड’ म्हणून पॅरिसच्या ल्युतेसिया या जुन्या हॉटेलात तीन रात्री आणि व्हिएन्नाच्या झाखर हॉटेलात दोन रात्री राहण्याचा बेत केला आहे. ल्युतेसियाविषयी वाचताना कळले की, दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन हेरखात्याचे ठाणे होते. तेव्हापासून माझे मन त्या जागेवरून उडाले आहे. अशा वास्तूत पैसे मोजून सुखाने झोपायचे, हे मला पटत नाही आणि मुलाचा इतका खर्च होऊ द्यावा, हेही पटत नाही. आमचे यजमान म्हणतात, ‘खोली ती खोली, पलंग तो पलंग, झोप लागली म्हणजे झाले.’ मी काय करावे?”

प्रिय बाई,

आपण आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवलात, म्हणून शाळेतल्याच संबोधनाने सुरुवात करते. माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. ल्युतेसियामध्ये अवश्य राहा, पण एकच रात्र राहा. व्हिएन्नात झाखरमध्ये खोली घेऊ नका. तिथल्या कॅफेत बसून केक खा आणि राहायला साधे हॉटेल शोधा. यातून जे पैसे आणि दिवस वाचतील, त्यांत फ्लॉरेन्सला जाऊन या.

आपण वाचलेली माहिती खरी आहे, मात्र ती मधूनच सुरू होते आणि मधेच थांबते. ल्युतेसिया हे पॅरिसचे रोमनकालीन नाव आहे. सेन नदीच्या डाव्या तीरावर, बुलेव्हार रास्पाय या रुंद रस्त्यावर हे हॉटेल १९१० मध्ये सुरू झाले. शेजारच्या ‘ल बाँ मार्शे’ या मोठ्या दुकानाच्या मालकांनी, बाहेरगावाहून खरेदीसाठी येणाऱ्या संपन्न ग्राहकांची सोय व्हावी म्हणून ते बांधवले होते. १९३५ आणि १९३६ मध्ये, हिटलरच्या राजवटीतून निसटून आलेले जर्मन लेखक, समाजवादी आणि साम्यवादी याच हॉटेलात जमत असत आणि कादंबरीकार हाइनरिश मान यांच्या पुढाकाराने हिटलरविरोधी आघाडी उभी करण्याची खटपट करत असत. पुढे जून १९४० मध्ये पॅरिस पडले आणि आब्वेर या जर्मन लष्करी हेरखात्याने ही इमारत ताब्यात घेतली. म्हणजे ज्या दालनांत हिटलरविरोधी बैठका झाल्या होत्या, तिथेच हिटलरच्या सैन्याचे हेर येऊन बसले. आपण वाचलेत ते बहुधा इथपर्यंतचे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये छळछावण्यांतून वाचलेले लोक परत येऊ लागले. त्यांना कुठे उतरवायचे, हा प्रश्न द गॉल यांच्या सरकारपुढे उभा राहिला. भरपूर खोल्या, मोठी स्वयंपाकघरे, गरम पाणी आणि स्वच्छ अंथरुणे असलेली जागा हवी होती, म्हणून ल्युतेसियाची निवड झाली. एप्रिल ते ऑगस्ट १९४५ या काळात अठरा ते वीस हजार माणसे या हॉटेलातून गेली, असा अंदाज केला जातो. दारात त्यांच्या अंगावर जंतुनाशक पावडर फवारली जाई, वैद्यकीय तपासणी होई आणि नावनिशी विचारली जाई, कारण छावणीतून आल्याची बतावणी करून आपला गुन्हा लपवणारेही त्या गर्दीत घुसत असत. बाहेर रस्त्यावर आणि आत फलकांवर बेपत्ता माणसांची छायाचित्रे लावलेली असत. घरची माणसे रोज येत, परतलेल्यांपुढे छायाचित्र धरत आणि ‘याला कुठे पाहिलेत का’ असे विचारत. बहुतेकांना उत्तर मिळत नसे.

यजमानांना एक गोष्ट आवर्जून सांगा. परतलेल्यांपैकी अनेकांना त्या हॉटेलातल्या मऊ पलंगांवर झोप लागेना. फळ्यांवर दाटीवाटीने झोपण्याची शरीराला इतकी सवय झाली होती, की ते गादी सोडून जमिनीवर आडवे होत. पलंग तो पलंग हे तुमच्या-आमच्यासाठी खरे असेल, पण त्या उन्हाळ्यात त्या इमारतीत ते खरे नव्हते.

म्हणून ‘अशा वास्तूत सुखाने कसे झोपायचे’ या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. त्या वास्तूतले सुख हेरखात्याने चार वर्षे उपभोगले, हे खरेच. परंतु नंतर तेच सुख, ज्यांच्याकडून सगळे हिरावून घेतले गेले होते त्यांना देण्यासाठीच तिचे दरवाजे उघडले गेले. पुढे ती पुन्हा साधे हॉटेल झाली, लग्नाचे वाढदिवस साजरे करणारी माणसे तिथे येऊ लागली, यात मला काही गैर दिसत नाही. गैर तेव्हा झाले असते, जेव्हा हे सारे लपवले गेले असते. तसे झालेले नाही. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल अशी पाटी आहे. परतलेल्यांना स्वातंत्र्याचा आणि आपल्या माणसांच्या भेटीचा आनंद मिळाला, पण ज्या हजारो कुटुंबांनी इथे व्यर्थ वाट पाहिली, त्यांचे दुःख त्या आनंदाने पुसले जात नाही, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. हॉटेलात शिरण्याआधी, सामान हातात असतानाच, ती पाटी वाचा. समोर स्क्वेअर बुसिको नावाची छोटी बाग आहे, तिथे बाकावर थोडा वेळ बसा. त्याच परिसरात पूर्वी शेर्श-मिदी हा लष्करी तुरुंग होता. हेरगिरीच्या खोट्या आरोपात गोवलेले फ्रेंच ज्यू अधिकारी कॅप्टन ड्रायफस यांना १८९४ मध्ये तिथेच ठेवले होते आणि जर्मन अंमलात तो तुरुंग जर्मनांच्या हाती गेला. तो १९६० च्या दशकात पाडला गेला. दुसऱ्या दिवशी मारे भागातील शोआ, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या, स्मारकाला जा. प्रवेश विनामूल्य आहे आणि फ्रान्समधून छावण्यांकडे पाठवलेल्या सुमारे ७६,००० ज्यूंची नावे तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. ल्युतेसियात कोण परतले, हे कळल्यावर कोण परतले नाही, हेही डोळ्यांनी पाहायला हवे.

मग एकच रात्र का? कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री जे पैसे मोजाल, ते संगमरवरी न्हाणीघराचे, तरणतलावाचे आणि अदबीच्या सेवेचे असतील, इतिहासाचे नसतील. त्यातही एक बाब स्पष्टपणे सांगायला हवी. हे हॉटेल २०१४ ते २०१८ अशी चार वर्षे बंद ठेवून आतून जवळजवळ नव्याने बांधले गेले. पूर्वीच्या २३३ खोल्यांच्या आता १८४ झाल्या आहेत, म्हणजे मधल्या भिंती पडल्या आणि खोल्या मोठ्या झाल्या. १९४५ मध्ये कोणी ज्या खोलीत झोपले, नेमकी ती खोली आज कोणी देऊ शकणार नाही. इथे यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुने राहिले आहे ते इमारतीच्या दर्शनी भागात, द्राक्षवेलींच्या कोरीव कामात, आणि एका बारच्या छतावरील भित्तिचित्रात, जे रंगांच्या अनेक थरांखाली दडलेले होते आणि या दुरुस्तीत हलक्या हाताने मोकळे केले गेले. यातले बरेच काही पाहण्यासाठी खोली घ्यावीच लागते असे नाही; दुपारी तिथे जाऊन चहा घेतला तरी चालते. तरीही एक रात्र राहा असे मी म्हणते, कारण पहाटे साडेपाचला उठून रिकाम्या जिन्याने खाली येण्याची मुभा फक्त मुक्कामाला असलेल्यांना असते. अशा वास्तू मला त्याच वेळी जवळून दिसल्या आहेत.

जुने काय आणि नवे काय, हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारला नाही आणि त्याची खंत अजून आहे. काही वर्षांपूर्वी एका शहरात, एका प्रसिद्ध लेखकाचा मुक्काम असलेले हॉटेल म्हणून मी बरीच काटकसर करून दोन रात्रींची खोली घेतली. खोलीच्या दाराशी त्याचे नाव होते, भिंतीवर छायाचित्र होते. निघताना कळले की मूळ इमारत युद्धात नष्ट झाली होती आणि मी झोपले होते ती तिच्या धर्तीवर पुढे बांधलेली होती. कोणी खोटे बोलले नव्हते. मी विचारले नव्हते, एवढेच. बर्लिनच्या आडलोन हॉटेलचे उदाहरण घ्या. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ १९०७ मध्ये ते सुरू झाले, युद्धाच्या बॉम्बवर्षावातून बऱ्याच अंशी वाचले आणि मे १९४५ च्या पहिल्या दिवसांत आगीत जळाले. मागचा उरलेला भाग पूर्व जर्मनीच्या काळात काही वर्षे वापरात होता, तोही १९८४ मध्ये पाडला गेला. आज त्या जागी उभे असलेले हॉटेल १९९७ चे आहे. तिथे राहण्यात काही कमीपणा नाही, पण ९० वर्षांपूर्वीच्या जिन्यावरून चाललो अशी समजूत करून घेऊन परतू नये.

तेव्हा मुलाला सांगून हॉटेलला आधीच एक साधे पत्र लिहायला लावा. इमारत मूळची किती, मोठी दुरुस्ती कधी झाली, आपली खोली जुन्या भागात आहे की नंतर जोडलेल्या भागात, हे विचारा. जुन्या प्रतिष्ठित हॉटेलांतून अशा पत्राला सहसा सविस्तर उत्तर येते, कारण तिथल्या माणसांनाही आपल्या वास्तूचा अभिमान असतो. त्याच पत्रात यजमानांच्या दृष्टीने आवश्यक तेही विचारून घ्या: न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की पाय न उचलता आत जाता येईल असा शॉवर आहे, लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते की शेवटच्या काही पायऱ्या चढाव्या लागतात, खोली रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे. चौकाकडची खोली शांत असते आणि पुष्कळदा स्वस्तही पडते, पण तिला दृश्य नसते. न्याहारी भाड्यात धरली आहे का, हे नक्की पाहा, कारण अशा ठिकाणी दोघांच्या न्याहारीच्या पैशांत बाहेर दोन वेळचे जेवण होते. पॅरिसमध्ये दर माणशी दर रात्रीचा पर्यटन-कर वेगळा भरावा लागतो, आणि खोली ताब्यात घेताना हॉटेल क्रेडिट कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवते. ती नंतर मोकळी होते, पण आधी माहीत नसेल तर उगाच जीव घाबरा होतो. आणखी एक: व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे आरक्षण जोडावे लागते, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत सगळी आरक्षणे रद्द करता येण्याजोगी ठेवा.

आता व्हिएन्नाविषयी. झाखर हॉटेल एडुआर्ड झाखर यांनी १८७६ मध्ये सुरू केले. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी आना यांनी ते एकहाती चालवले आणि नावारूपाला आणले, आणि मला त्या बाईंविषयी मनापासून आदर आहे. येणाऱ्या नामवंत पाहुण्यांच्या सह्या त्या एका टेबलक्लॉथवर घेत आणि मग त्यावर स्वतः भरतकाम करत. त्याच्या मध्यभागी सम्राट फ्रान्स योझेफ यांची सही आहे. केक मात्र हॉटेलपेक्षा जुना आहे. एडुआर्ड यांचे वडील फ्रान्स झाखर हे १८३२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर मेटर्निख यांच्या स्वयंपाकघरात शिकाऊ होते आणि तेव्हा त्यांनी तो केला, असे सांगितले जाते. ‘मूळ झाखर केक’ हे शब्द कोणी वापरायचे, यावरून हे हॉटेल आणि डेमेल ही मिठाईची पेढी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला आणि तो १९६३ मध्ये मिटला. झाखरच्या केकमध्ये जर्दाळूच्या मुरंब्याचा एक थर मधोमध असतो, डेमेलच्या केकमध्ये तो फक्त वरच्या चॉकलेटखाली असतो. दोन्हीकडे जाऊन स्वतः ठरवा. केकमध्ये अंडे असते, तेव्हा घरी कोणाला चालत नसेल तर आधीच ध्यानात घ्या. या हॉटेलची खरी गंमत कॅफेत, केकमध्ये आणि समोरच्या ऑपेरात आहे, आणि तिन्ही ठिकाणी मुक्कामाशिवाय जाता येते. म्हणून तिथल्या खोलीचा आग्रह मी धरत नाही.

मुलाच्या खर्चाविषयी आपण लिहिले आहे, त्यात आईचे मन दिसते. पण भेट नाकारू नका, तिला फक्त वळण द्या. ‘एवढे नको’ असे म्हटले की मुलांना वाटते आपण चुकलो. ‘एक रात्र तिथली दे आणि बाकीच्या पैशांत मला अमुक दाखव’ असे म्हटले की त्यांनाही आपण योग्य भेट दिल्याचे समाधान मिळते. पुढच्या खेपेला जायचे असेल तर त्याला स्पेनमधील पारादोरांची माहिती काढायला सांगा. जुने मठ, किल्ले आणि वाडे यांत चालवलेली ही सरकारी कंपनीची हॉटेले आहेत. पहिले १९२८ मध्ये सुरू झाले, आणि पॅरिसच्या बड्या हॉटेलांच्या मानाने त्यांचे दर पुष्कळ आवाक्यातले असतात. सांतियागो दे कोंपोस्तेला येथील पारादोर मला फार प्रिय आहे. राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांनी यात्रेकरूंसाठी बांधवलेले ते रुग्णालय होते, त्याचे काम १५०१ मध्ये सुरू झाले, आणि हॉटेल झाल्यावरही पायी आलेल्या पहिल्या दहा यात्रेकरूंना तिथे मोफत जेवण देण्याची प्रथा राखली गेली. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. लेओनचे सान मार्कोस हे पारादोर मात्र आपल्याला पुन्हा याच पेचात टाकील. त्याची कोरीव दर्शनी भिंत पाहून माणूस थक्क होतो, आणि स्पेनच्या यादवी युद्धात त्याच भिंतीमागे फ्रँको यांच्या बाजूने चालवलेली बंदिवानांची छावणी होती, जिच्यात हजारो माणसे कोंडली गेली. तिथेही माझा सल्ला हाच राहील: जा, पण आधी वाचून जा.

आता फ्लॉरेन्स. आपण कोल्हापूरच्या आणि इतिहासाच्या शिक्षिका, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांची हकीकत आपल्याला ठाऊक असेलच. तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शाहू महाराजांच्या आधी होऊन गेलेले हे तरुण छत्रपती १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समधील हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. विशीतला तो राजा आपल्या प्रवासाची दैनंदिनी लिहीत होता. ती पुढे १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात, सोबतच्या मंडळींनी परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला. संगमच निवडला गेला, हे वाचताना मला प्रत्येक वेळी भरून येते. १८७४ मध्ये तिथे छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा उभारला गेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा आहे, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘त्या भारतीयाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

जुन्या हॉटेलांच्या भिंतींवर राजे, लेखक आणि नट्या यांची छायाचित्रे लावलेली असतात. आपल्या गावचा एक राजा युरोपातल्या एका हॉटेलात आजारी पडला आणि तिथून परतला नाही, हे तुम्ही दोघे मनात घेऊन गेलात, तर ल्युतेसियाच्या दारात छायाचित्र धरून उभ्या राहिलेल्या माणसांची वाट पाहणे आपल्याला अधिक जवळून कळेल, असे मला वाटते.

फ्लॉरेन्समध्ये मुक्कामासाठी स्टेशनजवळचे स्वच्छ, साधे हॉटेल पुरेसे आहे. स्मारक कास्चिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे आणि उद्यान सुमारे तीन किलोमीटर लांब आहे, तेव्हा यजमानांना चालणे जड जात असेल तर जाताना टॅक्सी करा आणि परतीची सोयही आधीच ठरवून ठेवा. सकाळी जा, ऑक्टोबरमध्ये तिथे संध्याकाळ लवकर होते.